राब ओला, टाकी रिकामी: डोळखांबच्या डोंगरात चार दिवस

मे महिन्यात शहापूर तालुक्यात हौसेने कोणी जात नाही. आम्ही गेलो, कारण आमच्या ह्यांना टाकी बांधायची होती.

हे चौतीस वर्षं सिव्हिलमध्ये काढून निवृत्त झाले. पाचपाखाडीतल्या आमच्या दोन खोल्यांत बांधण्यासारखं आता काही उरलेलं नाही, माळेसुद्धा दोनदा करून झाले. भाचा ठाण्यातच कॉलेजला आहे. गेल्या डिसेंबरात त्याच्या एनएसएसच्या शिबिरात पोरांनी डोळखांबच्या पुढे, डोंगराच्या कुशीतल्या एका ठाकरवाडीत सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून वनराई बंधारा घातला होता. घरी आल्यावर तो मामाला एवढंच म्हणाला, "मार्चनंतर तिथे प्यायला पाणी नसतं." मामाने त्याच रात्री दहा हजार लिटरच्या फेरोसिमेंट, म्हणजे जाळीवर सिमेंट थापून केलेल्या, टाकीचं ड्रॉइंग काढलं.

सोसायटीतून वर्गणी झाली. २३ ते २६ मे २०२५ असे चार दिवस ठरले. ह्यांचा हिशेब साधा होता: पाऊस सात जूनच्या आधी यायचा नाही, तोवर प्लास्टर होईल, वर आठ दिवस पाणी मारायला वाडीतलं कोणीतरी बघेल. आमच्याबरोबर शेजारच्या वहिनीही निघाल्या. त्यांचं आमच्या टाकीशी काही देणंघेणं नव्हतं, रानभाज्या मिळतात का बघायचं होतं. ह्या सहलीत ज्याला जे हवं होतं ते मिळालं असं म्हणायचं झालं, तर ते त्या एकट्यांनाच.

वाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. धबधबे असलेल्या गावांचं पावसाळी शनिवार-रविवारी काय होतं ते आपण सगळे बघतोच.

शुक्रवार, २३ मे

ठाण्याहून आसनगाव लोकल, तिथून रिक्षाने शहापूर. सिमेंट, जाळी, सळया शहापुरातच घेतल्या आणि टेम्पोत पुढे ड्रायव्हरशेजारी मी आणि वहिनी, मागे सामानावर हे आणि भाचा, अशी वरात निघाली. ह्यांनी सिमेंट झाकायला दोन मोठ्या निळ्या ताडपत्र्या घेतल्या होत्या. ह्या ताडपत्र्या लक्षात ठेवा.

त्याआधी लोकलमध्ये, कल्याण गेल्यावर, भाच्याने मोबाइलवर लडाखचे फोटो दाखवायला काढले. लेहचे चेवांग नॉरफेल, हेही निवृत्त सिव्हिल इंजिनिअर, हिवाळ्यात ओढ्याचं पाणी सावलीतल्या उतारावर अडवून गोठवायचे. हिमनदी वितळून पाणी येईस्तोवर जून उजाडतो, पण तिथल्या पेरणीला पाणी एप्रिल-मेमध्येच लागतं. म्हणून गावाच्या जवळच, जरा खालच्या उंचीवर बर्फ साठवायचा, म्हणजे तो लवकर वितळतो. पुढे सोनम वांगचुक यांनी २०१३-१४ च्या हिवाळ्यात तेच उभ्या शंकूत केलं. वरच्या ओढ्यातून पाइप आणायचा, पंप नाही काही नाही, उंचीच्या दाबाने पाणी कारंज्यासारखं उडतं आणि थंडीत पडता पडता गोठतं. शंकूला ऊन लागायला जागा कमी, म्हणून तो टिकतो. नॉरफेल यांना २०१५ मध्ये पद्मश्री मिळाली, हे ऐकल्यावर आमचे हे खिडकीबाहेर बघत बराच वेळ गप्प बसले. मला त्या शांततेचा अर्थ कळला, पण मी बोलले नाही.

"म्हणजे पाणी आहे, पण वेळेवर नाही," वहिनी म्हणाल्या. तेव्हा ते आम्ही कोणी मनावर घेतलं नाही.

आसनगावच्या पुलाखाली नेहमी करवंदांच्या पाट्या घेऊन बायका बसतात, पानाच्या द्रोणात मापाने देतात. ह्या वेळी दोघीच होत्या. करवंदं फुटलेली, पाणी सुटलेलं. "पावसानं नासली, मावशी," एक म्हणाली आणि पैसे घ्यायच्या आधीच एक मूठ वर घातली. यंदा ठाण्यातही मेच्या पहिल्या आठवड्यापासून पाऊस पडत होताच. आम्ही त्याला वळीव म्हणत होतो आणि बरं झालं, गारवा आला, असं म्हणून खिडक्या उघडत होतो.

वाडीवर पोचलो तेव्हा दुपारचे साडेतीन. टेम्पो शेवटचा अर्धा किलोमीटर चढला नाही. गोण्या पोरांनी डोक्यावरून नेल्या, ह्यांच्या आधी पोचल्या. तेवीस घरं. कुडाच्या भिंती, काहींवर कौलं, काहींवर पत्रे. मागे आजा पर्वताची भिंत, सीतेने लव-कुशांना जिथे वाढवलं म्हणतात तोच डोंगर. उतरायची सोय जिल्हा परिषदेच्या शाळेत. शाळेला सुट्टी असल्याने किल्ली पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंकडे होती. ह्या ताईंनी पुढचे चार दिवस आमचं सगळं बघितलं, आणि ह्यांच्या टाकीचा निकालही त्यांनीच लावला.

झाला तो असा. चहा झाल्यावर हे ड्रॉइंग घेऊन झऱ्यावर गेले. झरा म्हणजे कातळाच्या कपारीतून येणारी करंगळीएवढी धार, खाली हंडा ठेवायला खळगा. पाऊस चार वेळा पडून गेला तरी धार वाढलेली नव्हती. जमिनीच्या पोटात पाणी उतरायला वेळ लागतो, चार सरींनी काही होत नाही. वाडीची विहीर मार्चअखेर तळाला जाते. मग टँकर येऊन विहिरीत पाणी ओततो आणि बायका तेच पुन्हा पोहऱ्याने वर काढतात. तानसा आणि भातसा ही दोन्ही धरणं ह्याच तालुक्यातली. तानसा तर १८९२ पासून मुंबईला पाणी देतंय. आणि आमच्या ठाण्यातल्या नळाला भातसा नदीचंच पाणी येतं. हे सगळं मला आधी माहीत नव्हतं असं नाही. पण तिथे उभं राहून हंडा भरायची वाट बघताना ते वेगळं माहीत झालं.

हंडा भरायला आठ मिनिटं लागली, भाच्याने घड्याळ लावलं होतं. ताई ड्रॉइंगकडे बघून म्हणाल्या, "सायेब, येवढी मोठी टाकी भरनार कवा?"

ह्यांनी कॅल्क्युलेटर काढला. आठ मिनिटांना एक हंडा, रात्रीच्या दहा तासांत पंचाहत्तर हंडे, म्हणजे जेमतेम हजार लिटर. दिवसा तर पाणी भरताक्षणीच जातं. दहा हजारांची टाकी भरायची तर दहा रात्री कोणी थेंबाला हात लावायचा नाही.

"मग तुम्हाला काय पाहिजे?" ह्यांनी विचारलं. स्वर जरा चढलाच होता.

"झोप," ताई म्हणाल्या.

उन्हाळ्यात बायका रात्री पाळीने झऱ्यावर बसतात. तुझे चार हंडे झाले की मला उठव, माझे झाले की मी तिला. दोन-अडीच महिने असं चालतं. रात्रीचं पाणी आपोआप साठलं आणि सकाळी वाटून घेता आलं तर घरी झोपता येईल. त्याला हजार लिटरची एक काळी प्लास्टिकची टाकी आणि हातभर पाइप पुरतो. दोन माणसं ती डोक्यावरून आणू शकतात. सिमेंट लागत नाही.

हे काही बोलले नाहीत. ड्रॉइंगची सुरळी करून त्यांनी काखेत मारली आणि परत येताना वाटेत दोनदा ठेचकाळले.

रात्री नाचणीची भाकरी आणि कैरी घातलेली सुकट. एवढ्या घामेजल्या हवेतही तिघींनी मिळून सात भाकऱ्या संपवल्या. वर्गात सिमेंटच्या गोण्या असल्यामुळे आम्ही व्हरांड्यात झोपलो.

जाणार असाल तर: डोळखांबपर्यंत एसटी आहे, पुढे जीप मिळते, पण दुपारी चारनंतर परतीचा भरवसा धरू नका. प्यायचं पाणी आपलं आपण न्या. टंचाईच्या गावात पाहुणा घोटभर पाणी पितो तेव्हा ते कोणाच्या तरी झोपेतून आलेलं असतं. आणि जुने कपडे नेऊ नका. शाळेच्या एका कोपऱ्यात शहरातून आलेल्या कपड्यांचं गाठोडं होतं. त्यात एक सूट होता, टायसकट.

शनिवार, २४ मे

पहाटे पाचला वहिनींनी मला हलवून उठवलं. "शेवळं!" दारात एक आजी जुडी घेऊन बसल्या होत्या.

ठाण्यात वाढलेल्यांना शेवळं सांगायला नकोत. जांभळट-तपकिरी कोंब, पहिल्या पावसानंतर जमिनीतून वर येतात, पंधरा-वीस दिवस मिळतात, मग गायब. आतला पिवळा भाग काढून टाकायचा, आणि काकडाच्या आंबट फळांचा रस घालायचा, नाहीतर घसा असा खाजतो की विचारू नका. आमच्या मजल्यावरच्या सीकेपी काकू शेवळाची कणी करतात त्या दिवशी जिन्यात रेंगाळायला सगळ्यांना कारण सापडतं. आजींनी तेल, तिखट, मीठ आणि काकडं, एवढ्यावर भाजी केली. काकूंच्या कणीपेक्षा बरी झाली होती असं मी काकू हे वाचणार नाहीत ह्या भरवशावर लिहिते.

वहिनी खूश. पण आजी खूश नव्हत्या. "शेवळं मिरगाला येतात. अजून रोहिणी लागली न्हाय." रोहिणी म्हणजे मृगाच्या आधीचं नक्षत्र.

मला वाटलं, भाजी लवकर आली तर बिघडलं काय? मग आजींनी आम्हाला त्यांच्या खाचरावर नेलं आणि राब दाखवला.

राब म्हणजे काय ते शहरातल्या वाचकांसाठी सांगते. भाताची रोपं ज्या तुकड्यात पेरायची, त्या जमिनीवर शेण पसरतात, त्यावर कवळ म्हणजे झाडांच्या छाटलेल्या फांद्या, त्यावर पातेरा म्हणजे वाळका पालापाचोळा, वरून माती. हे सगळं फेब्रुवारीपासून डोक्यावरून वाहून आणायचं, रचायचं, वाळवायचं आणि एप्रिल-मेमध्ये पेटवायचं. तणाचं बी जळतं, किडीची अंडी जळतात, माती भुसभुशीत होते आणि राख मिळते. मग मृगाच्या सुमाराला पेरणी, आणि महिन्याभराने रोपं उपटून लावणी.

आजींचा राब रचलेला होता, पण भिजलेला. वरून थापलेली माती वाहून गेलेली, पातेरा काळा पडून कुजायला लागलेला. हात घातला तर आत ऊबदार, शेणखतासारखा. तेवीस घरांपैकी नऊ जणांनी एप्रिलमध्ये भाजून घेतला होता, बाकीच्यांचा राहिला होता. का राहिला? कारण ती माणसं मेच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत भिवंडीकडे वीटभट्टीवर होती. भट्टीचा हंगाम संपला की घरी यायचं, राब भाजायचा, घर शाकारायचं, मग पाऊस, असा वर्षाचा क्रम बसलेला. त्या क्रमात मेमध्ये पावसाला जागाच नाही.

तिथे मला वहिनींचं गाडीतलं वाक्य आठवलं. आम्ही पाणी नाही म्हणून टाकी घेऊन आलो होतो, आणि इथे पाणी आलं होतं म्हणून डोक्याला हात लावून बसले होते.

दुपारी अकराच्या सुमाराला आजावर ढग उतरले. आजी आमच्या सिमेंटकडे बघत होत्या. म्हणजे मला तसं वाटलं. त्या सिमेंटवरच्या निळ्या ताडपत्रीकडे बघत होत्या.

"सायेब, ती दोन दिस द्याल?"

हे म्हणाले, सिमेंटला दमट हवासुद्धा चालत नाही. मी म्हटलं, "अहो, टाकी होतच नाहीये. सिमेंट वर्गात आहे. ताडपत्री कोणासाठी राखताय?" लग्नाला पस्तीस वर्षं झाल्यावर काही प्रश्नांना उत्तर येत नाही, नुसती ताडपत्री निघते. पाऊस येण्याआधी अर्धा तास आम्ही सगळे, हेसुद्धा, बांधावरून पळत होतो. दोन ताडपत्र्यांत चार घरांच्या राबांवर जेमतेम पांघरूण झालं. कडेला दगड. भाच्याची चप्पल चिखलात गेली ती गेलीच.

संध्याकाळी शाळेच्या पडवीत बैठक जमली. एक आजोबा, वय विचारलं तर "भातसा धरनाच्या आदीचा" म्हणाले, त्यांनी मला हळवं आणि गरवं भात समजावलं. हळवं लवकर तयार होतं, उंचावरच्या कमी पाण्याच्या जमिनीत लावतात. गरवं उशिरा, खोलगट खाचरात. पाऊस वेळेवर आला आणि वेळेवर गेला तर दोन्ही नीट. पण आता पावसाचं जाणं लांबलंय. लवकर पेरलं तर हळवं भाद्रपदात पिकून उभं राहतं आणि परतीच्या पावसात आडवं होतं, कणसालाच कोंब फुटतात. उशिरा पेरलं तर मधल्या उघडिपीत रोप करपतं. "म्हंजे मी पेरू कवा?" असं त्यांनी ह्यांना विचारलं. हे म्हणाले, मी सिव्हिलचा आहे.

भाच्याने भाताच्या सगुणा पद्धतीचं नाव काढलं. नेरळचे चंद्रशेखर भडसावळे यांनी रूढ केलेली. कायमचे गादीवाफे म्हणजे मातीचे उंच वाफे करायचे, नांगरणी नाही, चिखलणी नाही, लावणी नाही, बी थेट टोकायचं, म्हणजे राबाची गरजच नाही. वाडीला हे नवीन नव्हतं. कृषी सहायकांनी दोघांच्या शेतात करून दाखवलं होतं. त्यातल्या एकाचं म्हणणं, मजुरी वाचते, कंबर वाचते, भात चांगलं येतं. दुसऱ्याचं म्हणणं, तण मारायला औषधाची बाटली विकत आणावी लागते आणि खेकडे, रानातली कुर्डू-टाकळ्याची भाजी जाते. ह्यावर पडवीत जे भांडण झालं ते आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेपेक्षा खूपच सभ्य होतं. शेवटी ताई म्हणाल्या, ह्या वर्षी ज्यांचा राब गेला त्यांनी एका तुकड्यात गादीवाफा करून बघावा, सगळं शेत घालू नये. हा निर्णय. त्याला कोणाचं अनुमोदन लागलं नाही.

माझं मत कोणी विचारलं नव्हतं, तरी सांगते. बाहेरून येणारा माणूस एक उपाय घेऊन येतो, सगळ्यांना सारखा. ही माणसं एकाच शेतात चार प्रकार ठेवतात: थोडं हळवं, थोडं गरवं, वरकसावर म्हणजे डोंगरउतारावर नाचणी, कडेला वरई. एक गेलं तर दुसरं राहील. नाचणी-वरईला उतारावरची हलकी जमीन चालते, पाऊस मागेपुढे झाला तरी ती तग धरते. त्यांना मदत करायची तर ह्या चार प्रकारांचं बियाणं वेळेवर हातात मिळेल एवढं बघावं. ते काम दिसत नाही आणि त्याच्यावर पाटीही लावता येत नाही.

रविवार, २५ मे

रोहिणी लागली. सकाळी दहा ते दीड अशी उघडीप मिळाली आणि वाडीत एकदम धावपळ सुरू झाली. ताडपत्र्या निघाल्या. खालचा थर ओलसर, वरचा बरा. वारा डोंगराकडून होता, म्हणून आजोबांनी खालच्या टोकाला पेटवलं. आग वाऱ्याविरुद्ध हळूहळू सरकली पाहिजे, वाऱ्याबरोबर सोडली तर वरवर पळते, माती भाजत नाही. धूर इतका की समोरचं माणूस दिसेना. चारपैकी दोन राब नीट भाजले, एक अर्धा, एक विझला. आजींचा विझला. त्या धुरात खोकत हसत होत्या आणि म्हणत होत्या, शेजारणीकडून रोप मागून घेईन, ती माझी सून लागते, देईल, नाही दिलं तर घेईन.

दुपारी आजोबा, भाचा आणि मी वरच्या झाडीपर्यंत गेलो. हे आले नाहीत, गुडघा. डिसेंबरातला बंधारा वाटेत लागला. अर्ध्या गोण्या उन्हाने विटून फाटलेल्या, माती वाहिलेली. भाचा हिरमुसला. आजोबा म्हणाले, फेब्रुवारीपर्यंत गुरांना पाणी होतं, बंधाऱ्याचं काम झालं. दर वर्षी घालायचा असतो तो. (कोणाला घालायचा असेल तर ऑक्टोबरअखेर, ओढ्याची धार मंदावल्यावर लगेच. डिसेंबरपर्यंत थांबलात तर अडवायला पाणीच कमी उरतं. गोण्या विटांसारख्या सांधे मोडून रचा, तळाला रुंद, वर निमुळत्या, आणि तोंडं नीट शिवा, सुतळीने बांधून भागत नाही.)

पण आजोबांना आम्हाला बंधारा दाखवायचा नव्हता. वाडीच्या डोक्यावर, ओढ्याच्या डाव्या अंगाला एका जागी झाडं जराशी पुढे झुकली होती. कोनात, सगळी एकाच बाजूला. तीन वर्षांपूर्वी सरळ होती म्हणाले. खाली बरोबर तीन घरं.

माझ्या पोटात गोळा आला. १९ जुलै २०२३ ची रात्र आठवली, इर्शाळवाडीवर दरड कोसळली ती. तीही ठाकरांचीच वाडी, नवी मुंबईच्या पलीकडे. गडाच्या पायथ्याला, गाडीरस्ता नाही. २७ मृतदेह सापडले आणि बाकीच्यांचा शोध थांबवावा लागला. दरडप्रवण गावांच्या यादीत ते नावच नव्हतं. त्याआधी २०२१ चं तळिये. त्याआधी ३० जुलै २०१४ चं माळीण, जिथे एसटीच्या ड्रायव्हरला गावच दिसेना, तेव्हा जगाला कळलं. डोंगर तेच आहेत. पण महिन्याचा पाऊस दोन दिवसांत पडायला लागला की पाणी मातीत शिरतं, माती जड होते, खालच्या कातळावरची तिची पकड सुटते. कुठे उतार तोडलेला असेल, झाडं गेलेली असतील, तर आणखी सोपं.

संध्याकाळी पुन्हा पडवी. आता हे रंगात आले. पाऊस मोजायचा, हे त्यांना येत होतं. भाच्याने सरबताची सरळ भिंतींची एक बरणी आणली, तिच्यावर ह्यांनी पट्टी लावून शंभर मिलिमीटरपर्यंत खुणा केल्या. बरणीचं तोंड आणि पोट सारख्या रुंदीचं असेल तर एवढं पुरतं, नरसाळं लागत नाही. हवामान खातं चोवीस तासांत ६४.५ मिमीच्या पुढे गेलं की मुसळधार म्हणतं, ११५.६ च्या पुढे अतिमुसळधार आणि २०४.५ च्या पुढे अत्यंत मुसळधार. हे सांगून झाल्यावर ह्यांनी सगळ्यांकडे बघितलं. कोणाच्याही चेहऱ्यावर काही नव्हतं.

मग ताईंची बारावी झालेली मुलगी म्हणाली, "म्हणजे एक बरणी भरली तर लक्ष ठेवायचं. एका दिवसात दुसरी भरली तर तिन्ही घरांनी शाळेत यायचं. रात्र असली तरी."

हे सगळ्यांना पटलं. झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं, जमिनीला नवी भेग दिसली किंवा दार चौकटीत अडकायला लागलं तर बरणीची वाटही बघायची नाही, हे आजोबांनी जोडलं. त्यांना ते कोणी शिकवलं नव्हतं. वहीत खाडाखोड न करता मुलीने सगळं लिहून घेतलं. मोबाइलला रेंज वाडीत फक्त एका आंब्याखाली येते, तेव्हा सरकारी इशाऱ्याचा मेसेज तिथपर्यंत चालत जाऊन वाचावा लागतो. बरणी अंगणात होती.

तिन्ही घरांपैकी एका घरातला तरुण मात्र काहीच बोलला नाही. शेवटी म्हणाला, "शेळ्या?" शाळेच्या मागची पडवी शेळ्यांना, असं ठरलं. शेळ्यांचं ठरलं नसतं तर माणसं आली नसती, हे मला नंतर लक्षात आलं.

रात्रभर पाऊस.

सोमवार, २६ मे

सकाळी टेम्पो येणार नव्हता, ओहोळाला पाणी आलं होतं. चालत खाली उतरलो, जीप मिळाली, आसनगावला पोचलो तर गाड्या रखडलेल्या. त्या दिवशी मान्सून मुंबईत पोचल्याचं जाहीर झालं. १९५० पासूनच्या नोंदींत इतक्या लवकर कधी आला नव्हता. कुलाब्याला मे महिन्यातल्या पावसाचा १९१८ चा विक्रम मोडला. प्लॅटफॉर्मवर प्रत्येक जण कुठे किती पाणी साचलंय ते एकमेकांना दाखवत होता. आम्ही कल्याणला दोन तास उभ्या गाडीत. वहिनींच्या मांडीवर शेवळांच्या तीन जुड्या, त्यांचा वास सगळ्या डब्यात.

हे माझ्या शेजारी बसून रेल्वेच्या वेळापत्रकाच्या मागे काहीतरी काढत होते. हजार लिटरची टाकी, हातभर पाइप, खाली एक तोटी. तेवढंच. खाली उरलेल्या जागेत त्यांनी माझ्यासाठी चहाचा कप काढला, त्यातून वाफ येतेय असा.

नंतर

लिहायला तीन महिने लागले, त्यामुळे पुढचं सांगता येतं.

टाकी जूनमध्येच नेऊन ठेवली, ती मार्चपर्यंत शाळेत उलटी पडून राहील, आतमध्ये सध्या कोंबड्या बसतात. सिमेंट पावसाळाभर ठेवलं असतं तर दगड झालं असतं, म्हणून सहा गोण्यांचे तीन घरांचे ओटे झाले. ताडपत्र्या परत मागितल्या नाहीत. आजींनी सुनेकडून रोप घेतलं, पण गादीवाफ्याचं भातही बरं उभं आहे म्हणतात. मधे पंधरा दिवस पावसाने ताण दिला तेव्हा वरकसावरची नाचणी कोमेजली आणि परत उठली.

१८ आणि १९ ऑगस्टला मुंबई-ठाणे बुडालं तेव्हा आम्ही फोन लावत होतो, लागत नव्हता. २० तारखेला दुपारी ताईंच्या मुलीने वहीच्या पानाचा फोटो पाठवला, आंब्याखालून. रोजच्या रकान्यात आकडे होते, १२, ३५, ४, ६१. पुढे १९ तारखेला आकडा नव्हता. लिहिलं होतं:

"संध्याकाळी ५ ला भरली. ओतली. रात्री २ ला परत भरली. ओतली. तिन्ही घरं शाळेत. शेळ्या १४. डास खूप."

डोंगर आला नाही. झाडं अजून तशीच झुकलेली आहेत. खाली वेगळ्या शाईत एक ओळ होती, ह्यांच्यासाठी: "काका, पुढच्या वेळी मोठी बरणी आणा, रात्री ओतायला उठावं लागतं."